शिखराची आरती पुरे, थोडी थट्टा चालेल

डोंगरात अपघात झाला की आठवड्याभरात दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे ‘निसर्गापुढे माणूस खुजा’ अशा सुरातले लेख. दुसरी म्हणजे चढाईवर विनोद करणाऱ्यांना दटावणी: माणसं मरतात तिथे खिदळता काय? मग गिर्यारोहण क्लबांच्या वार्षिकांकांतून हलकाफुलका मजकूर बाजूला पडतो, विडंबनाचं तर नावच नको, आणि अंक मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत भारदस्त होऊन बसतो. आक्षेपामागची कळकळ खरी आहे, निष्कर्ष मात्र उफराटा. गिर्यारोहणातल्या गंभीर लेखनाने जेवढ्या चुका झाकल्या, तेवढ्या विनोदाने झाकलेल्या नाहीत. आणि अर्ध्यावरून परत येणं हीसुद्धा चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट आहे, हे आपल्याला कुणी शिकवलं असेल तर ते थट्टेखोर लेखकांनीच.

एक नमुना घ्या. मुद्दाम रचलेला आहे, पण याची भावंडं कुठल्याही वृत्तांतात भेटतील:

“सूर्य मावळतीकडे झुकला होता. खाली दरी आ वासून उभी. निसर्गाने रौद्र रूप धारण केलं. दोराने ऐन वेळी दगा दिला. पण आमच्या जिद्दीपुढे नियतीलाही हात टेकावे लागले आणि मृत्यूला हुलकावणी देत आम्ही सुखरूप पायथा गाठला.”

आता याच प्रसंगाची दुसरी नोंद:

“आमच्याकडे ६० मीटरचा एक दोर होता. अँकरमधून, म्हणजे वर दोर अडकवायच्या पक्क्या आधारातून, दुहेरी सोडला की तो ३० मीटर होतो, हे सगळ्यांना शाळेपासून माहीत होतं. कडा ३५ मीटरचा आहे हे मार्गाच्या वर्णनात छापलेलं होतं, आणि ते वर्णन सॅकच्या वरच्या कप्प्यात अगदी सुरक्षित होतं. टोकांना गाठी मारू या, असं एकाने सुचवलं. त्याला भित्रा म्हणून झाल्यावर आम्ही त्या मारल्या. पहिला गडी गाठींपाशी पोहोचला आणि त्याने वर ओरडून विचारलं, उरलेले पाच मीटर कुणाकडे आहेत?”

पहिल्या परिच्छेदात आकडा एकही नाही, आणि ठरवणारा माणूसही नाही. दोष दोराचा, निसर्गाचा, नियतीचा. चढणारे तेवढे जिद्दी. वाचणाऱ्याने यातून घ्यायचं काय? दुसऱ्या नोंदीत हसता हसता कळतं की दुहेरी दोराची लांबी निम्मी होते, कड्याची उंची दोर टाकण्याआधी बघायची असते, आणि टोकाच्या गाठींनी एक जीव वाचवला. गाठी नसत्या तर दोन्ही टोकं डिसेंडरमधून (दोरावरून उतरताना वेग आवरणाऱ्या उपकरणातून) सटकली असती आणि गडी शेवटचे पाच मीटर दोराविना उतरला असता. गाठी होत्या म्हणून तो लोंबकळत का होईना, दोरावर राहिला. पुढे त्याला डिसेंडर लॉक करून, दोन्ही पदरांवर मिळून प्रुसिकचे, म्हणजे भार आला की दोराला आवळणारे, दोन फास घालून, एक हार्नेसला (कमरेच्या पट्ट्यांना) आणि एक पायाला, वीतभर वीतभर वर यावं लागलं असणार. किंवा हाताशी चांगली फट असेल तर तिथेच नवा अँकर लावावा लागला असणार. ‘मृत्यूला हुलकावणी’ या शब्दांत हे सगळं गडप होतं. नियतीला तरी बिचारीला ६० भागिले २ कुठे करता येतं?

दोराच्या दग्याबद्दलही बोलून घेऊ. प्रमाणित डायनॅमिक (झटका बसला की थोडा ताणला जाणारा) दोर धारदार कडेवर घासला नसेल किंवा रसायनाने खराब झाला नसेल, तर नुसत्या पडण्याने तुटल्याची उदाहरणं फार विरळ. दगा देतो तो बहुधा दोर बांधणारा. गंभीर वृत्तांताला हे लिहिता येत नाही, कारण त्याचं लाडकं वाक्य असतं ‘माघार घेण्याचा निर्णय घेण्यात आला’. कुणी घेतला, किती वाजता, विरोध कुणाचा होता? या वाक्यरचनेत सगळे सुखरूप. विनोदाला मात्र कर्ता लागतो. कुणीतरी मूर्खपणा केल्याशिवाय विनोद होत नाही, आणि चांगल्या विनोदात तो लिहिणाऱ्यानेच केलेला असतो.

हे भांडण जुनं आहे. लंडनचा अल्पाइन क्लब १८५७ साली स्थापन झाला, तेव्हा शिखरावर जायचं ते शास्त्रीय निरीक्षणासाठी, असं मानणाऱ्यांचा दबदबा होता. थर्मामीटर-बॅरोमीटर न घेता वर जाणं म्हणजे उनाडपणा. लेस्ली स्टीफन यांनी एका चढाईच्या वृत्तांतात या मंडळींसाठी खास निरीक्षणं नोंदवली: तापमान, थर्मामीटर जवळ नसल्याने अंदाजे, गोठणबिंदूच्या खाली २१२ अंश फॅरनहाइट, आणि हवेत ओझोन असलाच तर तो आपल्या समजुतीपेक्षा अधिक मूर्ख म्हणायचा. पाणी २१२ अंश फॅरनहाइटला उकळतं, हे ठाऊक असेल त्यालाच पहिली खोच कळते. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांना असले टोले आपल्यालाच आहेत असं वाटलं आणि ते क्लबातून बाहेर पडले. टिंडल काही किरकोळ गडी नव्हते. १८६१ साली आल्प्समधल्या वाइसहॉर्नवर पहिल्यांदा चढले ते तेच. पण स्टीफनही बाहेरून खडे मारणारे नव्हते. त्याच वर्षी श्रेकहॉर्नची पहिली चढाई त्यांची होती. ज्याने ते ओझं स्वतः वाहिलेलं असतं, त्यालाच ओझ्याची थट्टा नेमकी जमते.

मार्क ट्वेन हा अपवाद. तो गिर्यारोहक नव्हता, पण त्याने गिर्यारोहकांची पुस्तकं बारकाईने वाचली होती. १८८० सालच्या त्याच्या युरोप-प्रवासाच्या पुस्तकात रिफेलबर्गवरची ‘मोहीम’ आहे. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटच्या वरचं हे ठिकाण म्हणजे खेचरावर बसून जाता येण्यासारखं. तिथे निघालेल्या लवाजम्याच्या सामानात २२ पिंपं व्हिस्की, १५४ छत्र्या आणि कुबड्यांच्या १४३ जोड्या. म्हणजे पाय मोडण्याची तजवीजही खालूनच. त्या काळी उकळत्या पाण्याचं तापमान बघून उंची काढायची रीत खरोखरच होती: साधारण ३०० मीटर चढलं की पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंश सेल्सिअसने उतरतो. ट्वेनचा निवेदक उपकरणच उकळतो, तेही सुपात, आणि सुपाला बॅरोमीटरची चव येते. इथे खिल्ली डोंगराची नाही, चढणाऱ्या माणसाचीही नाही. कशासाठी करायचं हे विसरून केलेल्या कर्मकांडाची आहे.

याच पुस्तकात मॅटरहॉर्नची दुर्घटनाही आहे. १४ जुलै १८६५ रोजी सात जण पहिल्यांदा त्या शिखरावर पोहोचले; उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे गेले. वाचलेल्यांपैकी एडवर्ड व्हिंपर याने ते लिहून ठेवलं. व्हिंपरच्या भारदस्त शैलीची पानापानावर टिंगल करणारा ट्वेन इथे थांबतो आणि व्हिंपरचेच शब्द जसेच्या तसे देतो, त्यात आपली एकही फोडणी न घालता. ‘माणसं मरतात तिथे हसता काय’ म्हणणाऱ्यांनी ही दोन प्रकरणं पाठोपाठ वाचावीत. एका जिल्दीत दोन्ही राहतात. फक्त कोणत्या पानावर आहोत याचं भान लिहिणाऱ्याला हवं.

विडंबन करणाऱ्याला मूळ पाठ असावं लागतं. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’त (१९२५) रविकिरण मंडळाच्या कवितेची लकब इतकी हुबेहूब उतरली, कारण ती कविता त्यांच्या कानात मुरली होती. गिर्यारोहणात असं एकच पुस्तक आहे, डब्ल्यू. ई. बोमन यांचं १९५६ सालचं ‘द असेंट ऑफ रम डूडल’. काळ बघा: १९५० साली अन्नपूर्णा, १९५३ साली एव्हरेस्ट, आणि प्रत्येक मोहिमेमागे एक जाडजूड पुस्तक. सगळ्यांचा साचा तोच. आधी सदस्यांची ओळख, मग पायथ्यापर्यंतची चाल, हमालांची भानगड, एकामागून एक तळ, शिखर, आणि शेवटी अन्न-कपडे-ऑक्सिजनची परिशिष्टं. बोमन यांनी हा साचा न मोडता आत वेगळा माल भरला. रम डूडल या काल्पनिक शिखराची उंची ४०,०००½ फूट. त्या अर्ध्या फुटातच परिशिष्ट-संस्कृतीचा निकाल लागला. वाट शोधणारा जंगल कायम हरवलेला, डॉक्टर प्रोन एकामागून एक आजारांनी अंथरुणाला खिळलेला, आणि ‘संघाचा बलदंड पुरुष’ बर्ली दर टप्प्यावर नव्या प्रकारच्या थकव्याने आडवा. हमाल हवे ३,०००, येतात ३०,०००, कारण तिथल्या भाषेत तीन आणि तीस यांच्यात एका फुरफुरीचाच फरक.

निवेदक बाइंडर हा संघनायक. तो कधीच विनोद करत नाही, आणि पुस्तकाची सगळी ताकद तिथेच आहे. साथीदारांचं भांडण तो ‘मनमोकळी चर्चा’ म्हणून पाहतो, त्यांनी टाळलं की ‘त्यांना माझ्या विश्रांतीची काळजी’. विनोदी लिहू पाहणाऱ्या नव्या मंडळींचं हमखास बिघडतं ते इथे: प्रत्येक वाक्याला डोळा मारायचा, तीन तीन उद्गारचिन्हं टाकायची. विडंबनातला निवेदक शेवटपर्यंत गंभीर हवा. हसायचं काम वाचकाचं.

शेवट तर त्याहून मोलाचा. साहेब मंडळी चुकीच्या शिखरावर चढतात. खऱ्या रम डूडलवर त्याच वेळी हमाल पोहोचलेले असतात. शेर्पा आणि हमाल मोहिमा उचलून नेत होते, आणि पुस्तकांत त्यांच्या वाट्याला ‘हसतमुख’ किंवा ‘अंधश्रद्ध’ यापलीकडे विशेषण येत नव्हतं, तेव्हाचं हे आहे. पुस्तकातला स्वयंपाकी पाँग आणि त्याच्या भयानक अन्नावरचे विनोद आज मला खटकतात. बोमन तिथे जुन्याच वाटेने गेले. पण सगळ्या थट्टेचं बिल अखेरीस कुणाच्या नावावर फाडायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे पुस्तक गिर्यारोहकांनीच डोक्यावर घेतलं. अंटार्क्टिकात काम करणाऱ्या ऑस्ट्रेलियन मंडळींनी तिथल्या एका शिखराला रमडूडल हे नाव देऊन टाकलं, आणि ते नकाशावर आहे.

आता माघारीकडे. स्कॉटलंडचा डॉक्टर आणि अव्वल गिर्यारोहक टॉम पेटी याने अब्रू न घालवता चढाई कशी टाळावी किंवा अर्ध्यावर कशी सोडावी, यावर एक उपहासलेख लिहिला आहे. सबबींची चक्क वर्गवारी: हवा बिघडणार असल्याचं शहाणपण, खडक भुसभुशीत असल्याची तक्रार, बायकोमुलांची अचानक झालेली आठवण. वाचणारा हसतो, कारण यातली निदान एक सबब त्याने स्वतः वापरलेली असते. आणि याचा व्यवहारात फायदा होतो. वीरश्रीच्या भाषेत माघारीला जागाच नाही. तिथे शिखर ‘सर’ होतं नाहीतर ‘हुलकावणी देतं’. ‘ढग बघितले, पोट बिघडलेलं, घरी आलो’ याला त्या भाषेत वाक्यच नाही. माघारीवर हसायची मुभा असलेल्या गटात पहिला माणूस ‘मला नको वाटतंय’ हे दोन तास आधी म्हणतो.

दोन तास म्हणजे किती, ते १९९६ च्या एव्हरेस्टने दाखवलं. दुपारी एक, फार तर दोन वाजता असाल तिथून मागे फिरायचं, अशी चर्चा आधी झालेली होती. तरी काही जण चारच्या सुमारासही शिखरावर होते. वादळ आलं आणि १०-११ मे या दोन दिवसांत आठ जण गेले. याला कारण कुणाचं लेखन नव्हे, हे सांगायलाही नको. पण परत फिरण्याची वेळ ठरवणं सोपं आणि पाळणं अवघड असतं ते का, हे ज्या भाषेत आपण आपल्या चढाया सांगत आलो तिच्याकडे बघून थोडं कळतं.

शिवाय अपघातांची कारणं बहुधा क्षुल्लक असतात, आणि क्षुल्लकपणा ही विनोदाची जहागीर. लिन हिल ही जगातल्या सर्वोत्तम प्रस्तरारोहकांपैकी एक. १९८९ साली फ्रान्समधल्या ब्यू इथे हार्नेसला दोर बांधताना तिची गाठ अर्धी राहिली. मध्येच बूट घालायला गेली, कुणाशी बोलण्यात गुंतली, आणि वरून जाकीट असल्याने अपुरी गाठ दिसली नाही. चढून झाल्यावर उतरण्यासाठी दोरावर भार टाकला आणि ती २० मीटरहून जास्त खाली कोसळली. झाडावर आपटली म्हणून वाचली. बूट, गप्पा, जाकीट. महाकाव्याच्या भाषेत बुटांना जागा नसते, म्हणून असे तपशील गंभीर वृत्तांतातून गळतात. आणि उपयोगाचे नेमके तेच असतात: आठची गाठ सुरू केली की पुरी होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, आणि दोराचे पदर सगळीकडे जोडीजोडीने जाताना दिसताहेत का, हे बिलेवरच्या (खालून दोर सांभाळणाऱ्या) साथीदाराने हात लावून बघायचं.

एवढं म्हटल्यावर विनोदाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण वाईट विनोद डोंगरात खरोखर माणूस मारू शकतो. सगळ्यात धोक्याची ती उपरोधिक ‘मार्गदर्शिका’. समजा कुणी अँकरबद्दल लिहिलं (बोल्ट म्हणजे खडकात पक्का बसवलेला खिळा, स्लिंग म्हणजे मजबूत पट्टी): “दोन बोल्टमधून स्लिंग ओवा, टोकं बांधा, त्रिकोण करा. त्रिकोण हा सगळ्यात भक्कम आकार. भूमितीच्या बाई खोटं बोलणार नाहीत.” जाणकार हसेल. नवशिक्या तो परिच्छेद मोबाइलवर साठवून ठेवेल. वस्तुस्थिती अशी: दोन बोल्टवर स्वतंत्र पट्ट्या घेऊन खाली एकत्र आणल्या आणि त्यांच्यातला कोन ६० अंश असला, तर प्रत्येक बोल्टवर एकूण भाराच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. तोच स्लिंग त्रिकोणात ओवला की आडवा पदर बोल्टना एकमेकांकडे ओढतो, आणि त्याच कोनात प्रत्येक बोल्टवर १०० टक्के ताण जातो. कोन ९० अंश झाला तर १३० टक्के. म्हणजे दोन बोल्ट लावून एकाचंही काम होत नाही. त्यातून स्लिंग एका जागी तुटला की सगळा अँकर सुटतो.

अशा मजकुराला माझी एकच कसोटी: उलटी शिकवण कुणी शब्दशः पाळली तर काय होईल? वजन वाचवायला टूथब्रशची दांडी कापा आणि मग सॅकमध्ये तीन किलोचा कॅमेरा भरा, हा सल्ला पाळला तर खांदे दुखतील, बाकी काही नाही. टोकाच्या गाठी म्हणजे आत्मविश्वासाचा अभाव, हा सल्ला पाळला तर माणूस जाईल; आणि तो पटण्यासारखाही आहे, कारण गाठ सोडायला विसरलं तर दोर ओढताना ती अडकते, ही तक्रार खरीच आहे. अर्धसत्याच्या आधाराने केलेला धोक्याचा विनोद छापू नये. छापायचाच तर अशक्यतेच्या टोकाला न्यावा, म्हणजे कुणाची फसगत होणार नाही.

मार्ग किती अवघड ते सांगणाऱ्या श्रेणींचा विनोदही याच जातीचा. ब्रिटिश पद्धतीत ‘डिफिकल्ट’ म्हणजे सोप्यातली श्रेणी. अमेरिकन पद्धतीत ५.९ च्या वर ५.१० येतो आणि गणिताचा शिक्षक कपाळाला हात लावतो. इथवर मौज आहे. पण अवघड मार्गाला मुद्दाम खालची श्रेणी देऊन नवख्याची फजिती बघायची, हा प्रकार मला मुळीच विनोदी वाटत नाही. वर्णनात ‘जरा रंजक’ लिहिलेल्या जागी आठ मीटर पट्ट्यात काही लावायला जागा नसेल, तर जुन्याजाणत्यांना त्यातला इशारा कळतो. नवखा तिथे शेवटच्या प्रोटेक्शनच्या (खडकात लावून दोर अडकवलेल्या आधाराच्या) आठ मीटर वरून सुटला, तर दोर ताणला जातो तेही धरून १६ मीटरहून जास्त पडतो.

आजच्या भारदस्तपणाला प्रायोजकाचीही साथ आहे. वर जाताना बांधून ठेवलेला दोर, बाटलीतला ऑक्सिजन, पुढे वाट करणारे शेर्पा, आणि खाली आल्यावर ‘मी शिखराला नमवलं’. मे २०१९ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्याखालच्या रांगेचं छायाचित्र जगभर फिरलं. त्याचं विडंबन करायची गरजच उरली नव्हती. नुसतं छापलं तरी पुरे. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबूच्या हिमप्रपातात १८ एप्रिल २०१४ रोजी १६ नेपाळी कामगार हिमस्खलनात गेले, ते अशाच रांगांसाठी वाट तयार करताना. नमवणाऱ्यांच्या भाषेवर हसू नये असं म्हणणाऱ्यांनी त्या भाषेत या सोळांना कुठे जागा आहे, तेवढं दाखवावं.

राहिला प्रश्न वेळेचा: अपघातानंतर किती दिवसांनी हसावं? ज्याचा जीव वाचला तोच लिहीत असेल तर दुसऱ्या दिवशीही हरकत नाही. तपशील ताजे असतात आणि बढाई अजून चढलेली नसते. ज्याचा साथीदार गेला, त्याच्या लेखात संपादकाने विनोद घालू नये, आणि त्याने स्वतः घातला असेल तर काढूही नये. लांबून बघणाऱ्याने मात्र कोरडा अहवाल येईपर्यंत थांबावं. अहवाल म्हणजे वेळ, हवामान, दोराची लांबी, गाठीचा प्रकार, बिलेवर कोण होतं, परत फिरायचं किती वाजता ठरलं होतं आणि फिरले किती वाजता. अंकात हे सगळं छापलेलं असेल तर शेजारच्या पानावर विडंबन असायला काहीच अडचण नाही. अडचण येते ती अहवालच नसतो तेव्हा. मग नक्की काय झालं, हे वाचकाला त्या विडंबनातूनच शोधत बसावं लागतं.